एका विद्यार्थिनीचा उपचारात्मक वर्ग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या महाविद्यालयात सगळ्यात चांगलं लिहिणाऱ्या मुलीला मी कच्ची ठरवलं, आणि ती कच्ची नाही हे मला तेव्हाच नीट माहीत होतं.

मी मूळचा रहिमतपूरचा. सांगलीत विश्रामबागेतल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. चार वर्षांपूर्वी आमच्याकडं लेखनकौशल्याचा वर्ग सुरू झाला आणि पाठोपाठ तपासणी समिती येणार असं कळलं. समितीला दाखवायला विद्यार्थ्यांचं स्वयंमूल्यमापन हवं होतं. प्राचार्यांनी वीस विधानांचा एक फॉर्म माझ्यापुढं सरकवला. प्रत्येक विधानापुढं एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे. हे प्रश्न वर्गात वापरून बघायचे आणि कामाचे आहेत का, याचा अहवाल द्यायचा, एवढंच माझं काम.

प्रश्न कुठल्या तरी कारागीर-प्रशिक्षणाच्या फॉर्मवरून उतरवलेले होते. सातवं विधान होतं, 'मी काम करताना सुरक्षेची काळजी घेतो.'

"सर, हे लेखनाला कसं लागू पडेल?" मी विचारलं.

"राहू द्या हो. काढलं तर एकोणीस राहतात. वीस बरे दिसतात."

वर्गात फॉर्म वाटले. पहिल्या बाकावरून लगेच आवाज आला, "सर, काय टाकायचं?"

"तुम्हाला वाटेल ते."

पोरं एकमेकांच्या फॉर्ममध्ये डोकवायला लागली. शाळेपासून प्रत्येक फॉर्म त्यांनी फळ्यावर बघून भरला होता. इथं हे लिहा, तिथं रेघ मारा, असं सांगणारं कुणीतरी कायम असायचं. वाटेल ते टाका म्हणणारा मास्तर त्यांना नवा होता. तसं म्हणणं मलाही नवंच होतं.

शेवटी पहिल्या बाकावरच्या एका फौजीच्या पोरानं निकाल लावला. "चार टाका रं समदी. पाच टाकलं तर माज दिसतुय, तीन टाकलं तर घरी कळतंय."

"आन् ते सातवं, सुरक्षेचं?" मागून कुणीतरी.

"त्यालाबी चार. पेनाला टोपण लावतूस का न्हाईस?"

तो चार बाकाबाकावरून मागं सरकत गेला. फक्त शेवटच्या बाकापर्यंत पोचला नाही, कारण तिथं एकटीच मुलगी होती. जतकडची, मेंढपाळाच्या घरातली. गावाहून येणारी एसटी उशिरा आली म्हणून ती नुकतीच येऊन टेकली होती. तिनं प्रत्येक विधान वाचून उत्तर दिलं. बहुतेक ठिकाणी एक. 'मला माझ्या लेखनातल्या चुका ओळखता येतात' यापुढंही एक. आणि फॉर्मच्या मागं कारणं लिहिली:

'माझी वाक्यं लांब होतात. मेंढरं मोजताना मधेच थांबलं की पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात, ती सवय लिहिण्यात आली आहे. आमच्या घरात कन्नड. सुचतं त्यात, मराठीत आणेपर्यंत अर्धं वाटेत राहतं. राहिलेलं आणायला मी माघारी जात नाही, ही दुसरी चूक. सातव्याला पाच दिले. घरच्यांबद्दल लिहिताना मी नावं बदलते.'

मी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. जिला आपली चूक इतकी स्वच्छ दिसते तिनं स्वतःला एक दिला होता, आणि ज्यांना दिसत नव्हती त्यांनी चार. म्हणजे हा फॉर्म उलटंच मोजत होता. अहवालात मी पेन्सिलीनं तसं लिहिलंही.

प्राचार्यांनी फॉर्मचा गठ्ठा चाळला. "सगळे चार! किती एकसारखं. प्रश्न पक्के आहेत. ही एकटीच कच्ची दिसते. बरंच झालं. समितीला उपचारात्मक वर्ग दाखवायचाय आणि त्यात घालायला कुणी नव्हतं."

"सर, ती खरं तर..."

"खरं तर काय?"

माझ्या पदोन्नतीची फाईल त्यांच्या टेबलावर होती. "काही नाही," मी म्हणालो, आणि बाहेर येऊन पेन्सिलीचं खोडून टाकलं.

दारावर पाटी लागली. हजेरीपटावर एक नाव. आठवड्यातून तीनदा मी त्या मुलीला वाक्यं तोडायला शिकवत होतो, आणि ती मुकाट्यानं तोडत होती. समिती आली त्या दिवशी बाक रिकामे दिसू नयेत म्हणून चारवाली पोरं 'मार्गदर्शक विद्यार्थी' म्हणून तिच्याभोवती बसवली. त्यातल्या एका मार्गदर्शकानं हळूच तिच्याकडून आपला रजेचा अर्ज लिहून घेतला.

समिती गेल्यावर तिनं विचारलं, "सर, मी खरंच लय मागं हाय का?"

"तसं नाही गं. प्रक्रिया असते ती."

सत्र संपताना तोच फॉर्म पुन्हा भरून घेतला. या वेळी ती पहिल्या बाकावर होती. सगळीकडं चार. सातव्यालाही चार. मागची बाजू कोरी. अहवालात मी लिहिलं, 'उपचारात्मक वर्गामुळे लक्षणीय प्रगती.' माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. पदोन्नतीही झाली.

पुढं वार्षिक अंकासाठी मी तिच्याकडं लेख मागितला. "मला कुठं येतंय सर लिहायला?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

पदवी घेऊन ती गावी गेली. तिचा पत्ता माझ्याकडं आहे.

मी तिला एक पत्र देणं लागतो. प्रश्न चुकीचे होते, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि कच्ची तू नव्हतीस, एवढं त्यात लिहायचं आहे. ते अजून लिहिलेलं नाही.