राजकन्येच्या पायात कॅनव्हासचे बूट

ऐतिहासिक सिनेमांचे कपडे शिवण्यात मास्तरांची तीस वर्षं गेली होती. त्यांनी शिवलेल्या झग्याला कधी चेन लागली नाही. त्या काळी चेन नव्हती ना, मग नाडीच! आणि आज ही पोरगेली दिग्दर्शिका म्हणत होती की राजकन्येच्या पायात लाल कॅनव्हासचे बूट हवेत.

"अगं पोरी, लोक म्हणतील मास्तरांना म्हातारचळ लागला!"

"मुद्दामच घालतेय मास्तर. राजकन्या फक्त सोळा वर्षांची आहे, हे कुणाच्या लक्षातच राहत नाही."

"मग सिनेमातून माझं नाव काढून टाक," म्हणत मास्तर फुगून बसले.

तेवढ्यात शॉट सुरू झाला. आपलं लग्न ठरल्याचं ऐकून राजकन्या महालाच्या पायऱ्यांवरून धूम पळत सुटली. मास्तर बघतच राहिले. कॉलेजला उशीर झाला की त्यांची धाकटी पळते ना, अगदी तश्शी! आजवर इतक्या राजकन्या सजवल्या, पण एकही कधी आपली पोर वाटली नव्हती.

"थांबा, थांबा!" ओरडत ते सेटवर घुसले, राजकन्येच्या पायाशी बसले आणि झगा चांगला चार बोटं वर दुमडून टाचण्या मारायला लागले.

"मास्तर, हे काय?"

"बूट नीट दिसत नव्हते गं!"