टपावरच्या दिव्याची वायर
सकाळी मिक्सरची वायर जळाली आणि त्या वासाने काकांची जीप आठवली. काकूंच्या छातीत दुखत होते म्हणून आम्ही धर्मापुरीहून अंबाजोगाईच्या दवाखान्यात निघालो होतो. गाडी खड्ड्यात आदळली की असाच जळका वास यायचा आणि फ्यूज उडून ती बंद पडायची. वाटेतल्या इलेक्ट्रिशियनने छताचे अस्तर उचकटले. काका सभापती असताना टपावर दिवा होता; पद गेल्यावर दिवा उतरला, वायर तशीच राहिली. तिचे उघडे टोक पत्र्याला लागत होते. “कापू नको बे, टेप लाव. निवडणूक लई लांब न्हाई,” काका म्हणाले. मागच्या सीटवरून काकू कण्हत म्हणाल्या, “आधी मला पोचवा, मग निवडून या.” काकांनी स्वतः पक्कड घेतली, वायर कापली आणि गुंडाळून खिशात ठेवली. काकू वेळेत पोचल्या, आज ठणठणीत आहेत. काका पुन्हा निवडून आले नाहीत. वायर अजून त्यांच्या कपाटात आहे.