फळा भिंतीवर टांगलेला आहे

दुपारी जेवून पडवीतल्या खाटेवर पडलं की आधी डोळे झोपतात, मग पाय झोपतात. कान मात्र बराच वेळ जागे असतात. हे मला म्हातारपणी कळलं. भिवंडीत लूमवर होतो तेव्हा पाठ टेकली की सगळं एकदम झोपायचं, कानांसकट.

त्या जाग्या कानांत माझ्या सुनेचा इंग्रजीचा क्लास शिरला.

सून बीए झालेली. लग्न होऊन आमच्या दिघाशी गावाला आली आणि वर्षभरात तिने पडवीत क्लास काढला. तीन ते पाच. गावातली पोरं आणि नव्या गोडाऊनमध्ये कामाला आलेल्या हिंदी बोलणाऱ्या लोकांची पोरं, सगळी चटईवर दाटीने बसायची. क्लास काढण्याआधी तिने मला विचारलं होतं. म्हणजे माझ्या बायकोला विचारलं होतं. सून माझ्याशी थेट बोलत नसे, आणि मीही तिच्याशी नाही. आमच्या वडिलांपासून तसंच. सून चार हातांवर उभी असली तरी मी बायकोला सांगायचो, "तिला म्हणावं, चहात साखर कमी." आणि सून बायकोला म्हणायची, "आई, बाबांना सांगा, साखर टाकलेलीच नाही." बायको आमचं टेलिफोन ऑफिस होती.

तर मी दोन अटी घातल्या. खाट हलणार नाही. आणि भिंतीत खिळा ठोकायचा नाही.

पडवीची ती भिंत माझ्या हातची आहे. लूमवरून आठवड्याला एक दिवस सुटी मिळायची, त्या सुट्यांत उभी केली. गिलावा मी स्वतः घोटला, ओला असताना, सुकताना, हात सोलेपर्यंत. संध्याकाळचं ऊन पडलं की तिच्यावर पाण्यासारखं हलतं. तिच्यात आजवर मी कुणाला खिळा मारू दिला नव्हता. देवाचं कॅलेंडरसुद्धा आमच्याकडे खिडकीच्या गजाला बांधलेलं. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या घरात देव गजाला लटकून हाय. भिंत मालकांची हाय ना."

त्यामुळे सुनेचा फळा खुर्चीवर उभा असायचा. वीट लावलेला. मधूनच घसरायचा.

मी दुसरीत शाळा सोडली. मला कुणी काही शिकवावं हे मला चालत नाही, आणि सुनेकडून तर नाहीच. म्हणून मी भिंतीकडे तोंड करून झोपायचो. पण झोपेच्या काठावर आवाज येत राहायचे. "द काऊ ईट्स ग्रास." मग वीसेक पोरं एकदम, "द काऊ ईट्स ग्रास." वर पंखा फिरतोय, उन्हाने पत्रा कडकडतोय, आणि लांबून पाण्याखालून यावी तशी ती गाय चरत यायची.

सून सांगायची, आधी करणारा, मग क्रिया, मग कशावर केली ते. जागा सोडायची नाही. एकदा एक पोरगी उठून म्हणाली, "ग्रास ईट्स द काऊ." सगळी पोरं खिदळली.

सून हसली नाही. म्हणाली, "वाक्य बरोबर आहे."

"टीचर, घास गाय को कैसे खाएगी? झूठ है!"

"खोटं आहे. पण वाक्य म्हणून बरोबर आहे. प्रत्येक शब्द आपल्या जागेवर बसलाय. खरं असो, खोटं असो, जागेवर बसलं की वाक्य उभं राहतं."

हे ऐकता ऐकता मला झोप लागली. स्वप्नात आमच्या जुन्या माळावर गवत उभं होतं, आता गोडाऊन आहे त्या माळावर, आणि ते गवत आमच्या पांढऱ्या गाईला सावकाश खात होतं. खुरांपासून वर. गाय शांत, रवंथ करतेय. पोटापर्यंत हिरवी झाली, शिंगं तेवढी राहिली. मला भीती वाटली नाही. बरं वाटलं.

जागा झालो तेव्हा माझी बोटं खाटेच्या सुंभाशी खेळत होती. अंगठा आणि पहिलं बोट, एक पीळ, एक ओढ. माझा जन्मभराचा धंदाच तो. लूमवरचा बीम, म्हणजे उभ्या तारा गुंडाळलेला रूळ, संपत आला की नवा बीम चढवायचा आणि जुन्या एकेका तारेला नव्या बीमची तार गाठवायची. हजारोंनी तारा, दिवा लावून, न बघता, नुसत्या बोटांनी. एक तार शेजारणीच्या जागी गेली की सगळ्या कापडावर उभी रेघ पडते. भिवंडीत माझ्या हाताला रेघ माहीत नव्हती. मुकादम दुसऱ्या कारखान्यातून बोलवायला यायचे. मग काम सुटलं, आणि बोटं नुसती मांडीवर पडून राहायला लागली. मेल्यासारखी.

आता तीन ते पाच ती जागी व्हायला लागली. करणारा, गाठ. क्रिया, गाठ. इंग्रजी शिकून मला कुठे जायचं होतं? कुठेच नाही. पण ते माझं काम होतं. शब्द नवे, बोटं जुनी.

बायकोने पकडलंच. "आवो, झोपेत काय बडबडता? काव काव करता. कावला झाला का?"

"घसा खवखवतोय."

"घसा इंग्रजीत खवखवतोय?"

एक दिवस क्लासमध्ये वाक्यांचे प्रकार चालले होते. सांगणारं, विचारणारं, हुकूम सोडणारं, आणि अहाहा म्हणणारं. सुनेने घरातलं हुकमाचं वाक्य विचारलं. गोडाऊनवाल्यांचा एक पोरगा म्हणाला, "टीचर, दादाजी का सब वाक्य हुकूमवाला है. चप्पल उठाओ! आवाज बंद!" पोरं तोंडात बोळा घालून हसत होती. मी घोरलो. मुद्दाम.

हे असं चांगलं चाललं होतं, आणि मीच ते मोडलं.

चैत्रातली दुपार होती. मी स्वप्नात एक लांबच लांब वाक्य गाठवत होतो, माळाच्या या टोकापासून नदीपर्यंत, आणि शेवटची गाठ राहिली होती. तेवढ्यात फळा खुर्चीवरून धाडकन पडला. मी दचकून उठलो. गाठ गेली, वाक्य गेलं. आणि पोरांसमोर, सगळ्या पोरांसमोर, मी बायकोला ओरडून सांगितलं, "तिला म्हणावं, ही माझी पडवी हाय, शाळा न्हाय. दुसरीकडं जा म्हणावं!"

सुनेने फळा उचलला, पदराने पुसला आणि परत वीट लावली.

आठ दिवसांनी बायकोने ताट वाढता वाढता निरोप दिला. "अंबाडी नाक्यावर खोली बघितलीय तिनं. सोमवारपासून क्लास तिकडं. तुमी झोपा आता गाढ."

"बरं," मी म्हटलं.

मी भात ताटातच चिवडत राहिलो. बायको बघत होती. "पोरांनी रडारड केली," ती म्हणाली, "पन त्यांचं कोन ऐकनार? जा, सांगा तिला, राहू दे म्हून."

"मी सांगू? मी बोललेला शब्द फिरवत न्हाय."

"मग शब्द घेऊन बसा."

शुक्रवारी मी खाटेवर पडून ठरवत होतो, बायकोकडून निरोप धाडावा. पण निरोप काय? "तिला म्हणावं, राहा." तोही हुकूमच झाला. चूक झाली असं मला म्हणता येत नाही, माझ्या तोंडाला त्याची सवय नाही. शनिवारी क्लासचा शेवटचा दिवस. पोरं सांगत होती, सून लिहीत होती. "द क्लॉक हँग्ज ऑन द वॉल." मी डोळे मिटून प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. सोमवारी तीन वाजता इथे नुसता पंखा फिरणार होता.

पाच वाजले. पोरं गेली. सून चटया गुंडाळायला लागली. बायको दारात तांदूळ निवडत होती. ऊन भिंतीवर आलं होतं, हलत होतं. मी भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालो,

"द बोर्ड... हँग्ज... ऑन द वॉल."

चटईचा आवाज थांबला. सुपाचाही थांबला.

इंग्रजीत मी कुणाचा सासरा नव्हतो. क्लास कानावर पडायला लागून झाली तेवढीच, दीड वर्षाचं पोर होतो. त्याला कसली लाज?

सून बोलली, सरळ माझ्याशी. "वाक्य बरोबर आहे, बाबा." तिने खुर्चीकडे बोट केलं. "पण खरं नाही. फळा खुर्चीवर आहे."

मी उठलो. खाटेखालची हत्यारांची पेटी ओढली. हातोडा सापडला, चांगला लांब खिळा सापडला. भिंतीसमोर उभा राहिलो. हात लावून पाहिला, उन्हाने कोमट होती. डावीकडून मोजलं, पोरांच्या उंचीने मोजलं, आणि मारला. पहिल्या घावाला गिलाव्याचा तळहाताएवढा पापुद्रा खाली आला. दुसरा मारला. तिसऱ्याला खिळा विटेत बसला. फळा उचलून टांगला.

"अगं बाई," बायको म्हणाली, "आता देवालापन गजावरनं उतरवते."

सून फळ्याकडे बघत होती. मग तिने मोबाइल काढला, अंगणात गेली आणि अंबाडीच्या खोलीवाल्याला सांगितलं, खोली नको. घरातच जागा झालीय. परत येऊन तिने चटया होत्या तिथे पुन्हा पसरल्या.

मी खाटेवर बसलो. पापुद्र्याचे तुकडे पायाशी होते. फळा डावीकडे झुकल्यासारखा दिसत होता.

बायकोला म्हटलं, "तिला म्हणावं..."

"मी न्हाय म्हननार," ती सूप पाखडत म्हणाली. "आता तुमची लाईन थेट जोडलीय. टेलिफोन ऑफिस बंद."

मी घसा खाकरला. भिंतीकडे बघितलं, मग सुनेकडे. आधी करणारा, मग क्रिया. मराठीत काही सुचेना.

"पोरी," म्हटलं, "फळा जरा तिरका बसलाय का?"

"बसलाय," ती म्हणाली. "राहू द्या. सोमवारी वर्गात विचारू. तुम्ही खाट अलीकडे घ्या, बाबा, तिकडनं दिसत नाही."