श्रावणात काढलेला समुद्रफेस

पिंजऱ्याला समुद्रफेस बांधणं म्हणजे दोन मिनिटांचं काम, असं सांगणाऱ्यांना माझ्या घरी पाठवा. पहिल्याला स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडायला गेले, तर त्याचे सरळ दोन तुकडे झाले. दुसऱ्याला गरम सुईने हळूहळू दोन भोकं पाडली, त्यांतून तार ओवली आणि बसायच्या दांडीच्या उंचीवर, पाण्याच्या वाटीपासून लांब, जाळीला घट्ट आवळला. गुळगुळीत कडक बाजू आत ठेवली, कारण मऊ बाजूचा भुगा पडत होता आणि चारकोपच्या आमच्या इवल्याशा घरात झाडू मीच मारते.

हा सगळा खटाटोप माझ्या निळ्या लव्हबर्ड मादीसाठी होता; समुद्रफेस चोचीने खरवडून खाल्ला की पक्ष्यांना कॅल्शियम मिळतं. ती अंडी घालायच्या वयाला आली होती. अशा वेळी कॅल्शियम कमी पडलं तर अंडं आत अडकतं आणि मादी मरते, हे मी घरात प्रत्येकाला बजावलं होतं. सासूबाई मालवणकडच्या. समुद्रफेस बघून म्हणाल्या, "ह्यां तर माकुलाच्या पाठीतला हाड. आमच्या किनाऱ्यार पडलेला असता, आणि तू इकत घेतलंस?"

श्रावण लागला त्याच दिवशी ऑफिसातून आले, तर जाळीवर नुसती तार लोंबत होती.

"माशाचा हाड घरात नको महिनाभर," सासूबाई म्हणाल्या.

"आई, पक्षी श्रावण पाळतो का?"

"घर पाळता."

श्रावणात आमच्या खाण्यातली अंडीही बंद, म्हणजे टरफलं कुटून द्यायची सोय गेली. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना यार, महिन्याचा तर प्रश्न आहे." म्हणजे अंडं यांना विचारून येणार होतं! मी तीन आठवडे धुसफुसले. दुकानातून कॅल्शियमचे थेंब आणता आले असते, ते सुचलंही होतं. पण मग माझा राग फुकट गेला असता.

तिसऱ्या सोमवारी सकाळी मादी पिंजऱ्याच्या तळाशी अंग फुगवून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, शेपटी खालीवर होत होती. डॉक्टरांनी अंडं अडकल्याचं सांगितलं, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, ऊब द्यायला सांगितली. संध्याकाळपर्यंत अंडं आलं तर वाचेल, म्हणाले.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी सुटले. "झालं समाधान? मेली तर तुमच्या श्रावणाने मेली म्हणून समजा." असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. मला लाज वाटली नाही, उलट बरं वाटलं.

गॅलरीतल्या चपलांच्या कपाटामागून सासूबाईंनी पिशवी काढली, समुद्रफेस हातात घेतला आणि फिरवून बघितला. उन्हाळ्यापासून श्रावण लागेपर्यंत तो पिंजऱ्यात होता आणि त्या कडक बाजूवर चोचीचा एक ओरखडा नव्हता.

"गो, ह्यां तू उलटां बांधललंस," त्या म्हणाल्या. "मऊ बाजू आत व्हयी. ह्या दगडाक तिची चोच लागतली कशी?"

तसं बांधायचं कारण एकच होतं, झाडू. सोमवारी उपास असला की त्या कांदा चिरलेल्या विळीलाही हात लावत नाहीत. त्यांनी मऊ बाजू आत करून तो पुन्हा बांधला. दांडीपाशी नाही, अगदी खाली, तळाशी बसलेल्या मादीच्या चोचीसमोर. मग त्या दुसऱ्यांदा आंघोळीला गेल्या.

अंडं सहाच्या सुमारास आलं, ओल्या कागदासारखं मऊ. मादी वाचली. आठवडाभरात तिने समुद्रफेसाला खड्डा पाडला, आणि भुगा मी मुकाट्याने झाडला.

यंदाच्या श्रावणात समुद्रफेस जागेवरून कुणी हलवला नाही. माफी मी अजून मागितलेली नाही.