सीतादहीची बोंडं

एकोणचाळीस खोट्या वह्यांवर मी ऐटीत सही केली, आणि एका खऱ्या वहीवर लाल पेन्सिलीने उभी रेघ मारून खाली लिहिलं, ‘आकडे बनावट’. माझ्या मूर्खपणांची यादी लांब आहे, नातवंडांना त्यातले निम्मे तोंडपाठ आहेत. पण या एकाचा मला अजून राग येतो. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, मुरला.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि आमच्या परीक्षा नागपूरच्या. खामगावातल्या एका कॉलेजात मी इंटर सायन्सच्या वर्गाची जीवशास्त्राची प्रॅक्टिकलं घेत होते. नागपूरहून बी.एस्सी. होऊन नुकतीच आलेली, म्हणजे काय विचारता! पदराला पिन, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि तोंडात पुस्तकी मराठी. जन्म चिखलीचा, सतरा वर्षं ‘मले-तुले’ करण्यात गेलेली. पण वर्गात कोणी ‘मले’ म्हटलं की मी अशी भुवई उचलायची, जणू मी पुण्यातच रांगले होते.

त्या वर्षी मी ठरवलं की विविधता आणि निवड हा भाग फळ्यावर नाही, कापसावर शिकवायचा. कल्पना चांगली होती, तेवढं श्रेय मी त्या बयेला, म्हणजे तेव्हाच्या मला, देते. प्रत्येकाने शेतातली वीस बोंडं आणायची. एकेका बोंडातली एक सरकी घ्यायची, तिच्यावरचा धागा बारीक फणीने विंचरून सपाट करायचा आणि पट्टीने मोजायचा. मग कोणत्या लांबीचे धागे किती निघाले त्याचा आलेख काढायचा, सरासरी काढायची आणि आकडे त्या सरासरीपासून किती पसरलेत तेही पाहायचं. एकाच वावरातली दोन झाडं सारखी नसतात, आणि ती सारखी नसतात म्हणूनच चांगलं बी निवडता येतं, हे मुलांना आपल्या डोळ्यांनी दिसावं एवढाच हेतू.

आलेख आले ते सगळे जुळ्या भावंडांसारखे. मधोमध एक उंच, निमुळती टेकडी आणि दोन्ही बाजूंना काही नाही. बोंडं टपोरी, धागा लांब, कीड औषधालाही नाही. मी इतकी हरखले की प्रिन्सिपॉलसाहेबांना वर्गात बोलावून ते आलेख दाखवले.

फक्त एका मुलीचं काम बिघडलेलं होतं. जळगाव जामोदकडच्या माळ्याची मुलगी, इथे मामाकडे राहून शिकत होती. तिच्या वीस बोंडांतली चार किडकी, तीन तर करंगळीच्या टोकाएवढी. धागे काही आखूड, काही लांब, बरेचसे मधले. तिची टेकडी नव्हतीच, पसरट चढउतार होता नुसता.

“ही बोंडं कुठून आणलीस?” मी विचारलं.

“वावरातून, बाई.”

“वावरातून की उकिरड्यावरून?”

वर्ग हसला. मला गार वाटलं. पोरीच्या फजितीवर मास्तरीण पोसते ती अशी.

“दर दहाव्या तासातलं, म्हंजे ओळीतलं, पाचवं झाड धरलं, बाई,” ती म्हणाली. “जे बोंड हाताले लागलं ते तोडलं. पायलं नाई.”

“पाहिलं म्हण, पाहिलं! आणि न पाहता कुठे प्रयोग करतात?”

“पायलं असतं तं मी निवडलं असतं नं.”

या एका वाक्यात माझा महिनाभराचा धडा होता. पण मी कुठे ऐकत होते? मी तिचं ‘पायलं’ दुरुस्त करत होते!

“एकोणचाळीस जणांचं सारखं येतं आणि तुझंच वेगळं कसं येतं?”

“ते मले काय माईत? पन बाई, तुम्हीच म्हणता का फरक असते म्हणून निवडता येते. या साऱ्याईच्या आलेखात तं फरकच नाई. मंग निवडता काय?”

उत्तर येत नसलं की मास्तर लोक चिडतात. मी तर नवी मास्तरीण, मी दुप्पट चिडले. वर्गाकडे वळून म्हटलं, “सांगा रे हिला, बोंडं कशी आणायची असतात!”

पहिल्या बाकावरून मोठ्या जमीनदाराची मुलगी ताठ उभी राहिली. “बाई, मास्तरीनबाईले देयाचं म्हटल्यावर कोनी कचरा देते काय? आम्ही सीतादहीच्या पऱ्हाटीची आणली.”

“हाव बाई, आम्ही बी!” मागून आवाज आला.

“माह्या आजीनं तं सोताच्या हातानं तोडून देल्ली!”

“आमची भरली नव्हती बाई, मी काकाच्या वावरातून आणली!”

पहिल्या वेचणीच्या दिवशी वावरातल्या सगळ्यात भरल्या पऱ्हाटीखाली, म्हणजे कपाशीच्या झाडाखाली, दहीभात ठेवून पूजा करतात, ती सीतादही. लहानपणी तो दहीभात मीही चाटूनपुसून खाल्लेला. देवाला, पाहुण्याला आणि मास्तरला उत्तम तेच द्यायचं, ही आमच्याकडची रीत. मुलांचं काय चुकलं? त्यांनी मला मान दिला होता. निवडू नका, समोर येईल ते आणा, हे सांगायचं काम माझं होतं. मी वावरातला कापूस मोजतच नव्हते, माझा मान मोजत होते.

आणि हे मला तिथेच, त्या क्षणी कळलं. न कळता चूक झाली असती तर मी आज एवढी जळफळले नसते. ती लाल रेघ मी त्याच्यानंतर मारली. कळल्यावर मारली, सगळ्या वर्गासमोर, आणि वर ‘खोटारडी’ म्हटलं.

वहीवर सही नसली तर परीक्षेला बसता येत नसे. मामाने तिला एकच वर्ष सांभाळायचं कबूल केलेलं, हे मला ठाऊक होतं. आठ दिवस ती रोज प्रयोगशाळेच्या दाराशी वही घेऊन उभी राहायची. रडली नाही, विनवलं नाही. मी रोज घड्याळात पाहत तिच्या अंगावरून निघून जायची. मला आज कोणी ती बया दाखवली तर पदराच्या पिनेसकट गदागदा हलवीन.

नवव्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेबांनी परीक्षेला बसणाऱ्यांची यादी मागितली. मी चाचरत सगळं सांगितलं.

“अहो, आलेख किती सुबक आलेत!” ते म्हणाले. “आता कशाला उकरून काढता? एका मुलीचं काय, बसेल पुढच्या वर्षी.”

माझ्या अंगाची आग झाली. आणि लगेच दुसरी आग झाली, कारण हे माझंच बोलणं होतं, फक्त मिशा लावलेलं.

मी तशीच बाहेर आले. ती व्हरांड्यात होतीच. लाल पेन्सिल खोडता खोडता कागद फाटला. उरलेल्या जागेत ‘आकडे खरे’ लिहिलं, सही केली आणि आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच म्हटलं, “तुझं बरोबर होतं.” आता ही वाकून नमस्कार करणार, असं मला वाटलं. पाय थोडे पुढेही केले असतील मी.

सोमवारी मी वर्गापुढे सगळं कबूल केलं आणि साऱ्यांना तास मोजून, झाडं मोजून नवी बोंडं आणायला पिटाळलं. याला माझ्या घरचे मोठेपणा म्हणतात. मोठेपणा कसला डोंबलाचा! माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. त्या दिवशी व्हरांड्यात तिने सही वाचली, वही मिटली, माझ्या पायांकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि म्हणाली, “खोटी म्हणलं तं एकोणचाळीस जनाईसमोर, अन् खरी म्हणलं तं एकल्या मले. एका आकड्यावरून सरासरी निघते काय, बाई?”