कंडक्टर आलाच नाही
गावाकडच्या एसटीत कंडक्टर “चला, गोरेगाववाले!” असं ओरडला, की मला अजून ती कोलकात्याची मेट्रो आठवते. आईचे डोळे दाखवायला आम्ही दोघी कोलकात्याला गेलो होतो. जमिनीखालच्या मेट्रोत चढताना गर्दीने तिला आत रेटलं, मी बाहेरच राहिले आणि दार लागलं. तिच्याकडे फोन नव्हता, धड दिसत नव्हतं, बंगाली तर कळतच नव्हतं. मी मागून आलेल्या गाडीत चढले. पुढच्या स्टेशनवर उतरून प्लॅटफॉर्मभर धावले, एकेक बाक पाहिलं, पुन्हा गाडी धरली. प्रत्येक स्टेशनवर तेच. तीच कोंदट गार हवा, तेच पांढरे दिवे, आणि “हरी साडीवाली बुढी माँ देखी क्या?” विचारून विचारून माझा घसा बसला. लाइन संपली, तरी आई नव्हती. मग काळ्या बोगद्याकडे तोंड करून मी “माय वं!” म्हणून वेड्यासारख्या हाका मारल्या. लोक बघत राहिले. तेवढ्यात परत निघालेल्या गाडीच्या काचेत हिरवं लुगडं दिसलं. दार लागायच्या आत मी उडी घेतली. आई मांडीवर पिशवी धरून ताठ बसली होती. “उतरली काऊन नाही वं माय?” मी रडत ओरडले. “कंडक्टर तं आलाच नाही,” ती म्हणाली, “मंग उतरू कसी? गाव आलं का तो सांगते नं.” आता ती नाही. गोरेगावचा स्टँड खिडकीतून दिसतो, पण कंडक्टरने सांगितल्याशिवाय मी जागची उठत नाही.