मागून हाक नको

सातवीतून शाळा सोडून साताऱ्याहून कळंबोलीच्या लोखंड बाजारात आलो, तेव्हाची गोष्ट. रविवारी व्हिडिओ सेंटरात चिनी भुतांचं कार्टून लागलं होतं. त्यातली चेटकीण मागून नावाने हाक मारायची आणि ओ देणारा कागदाचा व्हायचा. लोक हसत होते. माझे पाय गार पडले. खोलीवर एकट्याने जायचं होतं.

शेजारी बसलेल्या कोळी म्हाताऱ्याने माझं मनगट धरलं.

"पयल्या हाकेला ओ द्यायची नाय, पोरा. मानूस तीनदा बोलावतो, भूत एकदाच."

ट्रकांच्या रांगांमधून तो मला सोडायला आला. मी त्याचं नाव विचारलं, तर दचकला. "रस्त्यात नाव नको काढू. कोन ऐकंल."

मग तो एकटाच परत निघाला. आभार मानायचे राहिले होते. पण मागून हाक मारायचा मला धीर झाला नाही. तो दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभा राहिलो.